सावलीत वाळवायचं बियाणं

सर गेले त्याला तीन पावसाळे झाले. त्यांच्यावर कुणी काही लिहील अशी आशा नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकात चार ओळी आल्या होत्या, त्यांतही त्यांचा विषय चुकीचा छापला होता. मग उरलो कोण, तर त्यांना ‘जंतूमास्तर’ म्हणणारे आम्ही चाळकरी. त्यांतही त्यांचं काम थोडंफार समजणारी मी एकटीच. म्हणून लिहायला बसले आहे. खरं तर हे लिहायला माझ्याइतकं नालायक माणूस दुसरं मिळणार नाही. ते का, तेही सांगणार आहे.

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर टोकाची खोली सरांची आणि तिला लागून आमची. मधली भिंत फळ्यांची. सर खोकले की आमच्याकडे आई म्हणायची, ‘मास्तर उठले.’ दादरच्या एका कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवायचे. मीही पुढे त्याच कॉलेजात गेले, त्यांच्याच हाताखाली शिकले आणि आता परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचे रक्त-लघवी तपासते. सर मला म्हणायचे, ‘बाई, तू आजारी माणसांचे जंतू बघतेस. मी उपाशी जमिनीचे बघतो. तुझा धंदा चालेल.’

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, सरांच्या खिशात पेन आणि चहाचा चमचा असायचा. चमचा उकरायला. रस्त्याने चालता चालता हा माणूस मधेच उकिडवा बसायचा आणि फुटपाथच्या फटीतलं एखादं रोपटं मुळासकट वर काढायचा. शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मुळांना बारीक गाठी असतात. त्या गाठींत जंतू राहतात, हवेतलं नत्र पकडून झाडाला भरवतात आणि बदल्यात झाडाकडून साखर खातात. ही एवढी गोष्ट सरांनी चाळीतल्या प्रत्येकाला सांगून झाली होती, काहींना चारचारदा. गाठ सापडली की ते ती अंगठ्याच्या नखाने चिरायचे. ‘आतून गुलाबी निघाली तर कामावर आहे. पांढरी असेल तर नुसतीच भाडेकरू. हिरवट म्हणजे संपली.’ हिंदमाताला माझ्यासाठी गणपतीत नेसायची साडी घ्यायला आम्ही त्यांना बरोबर नेलं, तर ते दुकानाच्या पायरीशी टाकळा उपटून बसले. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून आत जात होती. आईला त्यांनी तिथेच सांगितलं, ‘वहिनी, हा टाकळा शेंग धरतो, पण गाठ धरत नाही. चांगल्या घराण्यातला, पण कवडीच्या कामाचा नाही.’ आई म्हणाली, ‘भाजी बरी होता त्याची.’ सर म्हणाले, ‘तेवढीच.’

एकदा बंद पडलेल्या एका गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या कुंपणाशी त्यांना असंच उकरताना वॉचमनने पकडलं. मी बरोबर होते. ‘अंकल, क्या कर रहे हो इधर?’

‘कामगार ढूंढ रहा हूँ,’ सर मान वर न करता म्हणाले.

वॉचमन बिचारा भला माणूस होता. ‘इधर अब कोई कामगार नहीं है, अंकल. सब चले गये.’ माझे वडील त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मला हसू आलं आणि मी वर टॉवरकडे बघत राहिले. सरांना यातलं काही कळलं नसावं, कारण त्यांना तेवढ्यात एक गुलाबी गाठ सापडली होती.

त्यांच्या खोलीत एक जुना फ्रीज होता. त्यात दूध नाही, भाजी नाही, साधी पाण्याची बाटलीसुद्धा नाही. फक्त कापसाचं बूच लावलेल्या काचेच्या नळ्या, ओळीने उभ्या. प्रत्येक नळीत तिरका गोठवलेला अगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, आणि त्यावर पांढुरका, बुळबुळीत थर. चाळीच्या सत्यनारायणाला आईने एकदा श्रीखंडाचं पातेलं ठेवू का विचारलं. सर म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या श्रीखंडात जंतू, माझ्या नळीत जंतू. त्यांची भांडणं कोण सोडवणार?’ श्रीखंड आंबट झालं आणि आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

दर तीन महिन्यांनी ते त्या जंतूंना जुन्या नळीतून नव्या नळीत हलवायचे. या दिवसाला त्यांनी नाव ठेवलं होतं, बिऱ्हाड बदलायचा दिवस. त्या दिवशी खिडकी बंद, पंखा बंद, दाराला ओलं फडकं. गॅलरीत कुणी झाडायचं नाही, गोधडी झटकायची नाही, त्यांच्या दाराशी शिंकायचं तर मुळीच नाही. मे महिन्यातसुद्धा हा माणूस बंद खोलीत स्पिरिटच्या दिव्यासमोर घामाने निथळत दोन तास बसायचा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, ‘वर्षातून चारदा बिऱ्हाड बदलणाऱ्याला मुलगी कोण देणार?’

एवढ्या नळ्यांत जंतू मात्र एकच होता. त्यांच्या गावच्या सड्यावरचा. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर चार बोटं माती, खाली नुसता कातळ. गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत आलेली, सरांनीही लहानपणी तिथेच गुरं राखलेली. ‘दिवाळीपर्यंत गवत हिरवं,’ ते सांगायचे. ‘मग पिवळं. माघात तर गाय दिवसभर खाते आणि संध्याकाळी उपाशीच घरी येते. पोट भरलेलं, अंगात काही नाही. गवतात नत्रच नाही, तर दूध कुठून येणार? आणि डोक्यावरची हवा? बाई, हवेत पाचातले चार भाग नत्र! धान्याच्या कोठारात बसून गाय उपाशी मरतेय.’ हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, जणू समोर बसलेल्याचाच गुन्हा आहे.

तरुणपणी त्यांना त्या सड्यावर एक रानवेल सापडली होती. सगळं पठार करपलेलं असताना ती एकटी हिरवी. तिच्या मुळावरच्या गाठीतून त्यांनी तो जंतू वेगळा केला आणि तेव्हापासून जिवंत ठेवला. दुष्काळी, आंबट, तापलेल्या मातीत तग धरणारा जंतू. शेंगा धरणाऱ्या चाऱ्याच्या बियाला तो लावून सड्यावर पेरायचा, म्हणजे चाराही सकस होईल आणि मातीतही नत्र साठेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. युरियाचं नाव काढलं की ते भडकायचे. ‘युरिया म्हणजे खानावळीचा डबा! आयता डबा यायला लागला की झाड घरात रांधणाऱ्याला हाकलून देतं.’

मग हे आयुष्यभरात पेरलं का नाही? कारण सर. त्यांनी पीएचडीचं काम जवळजवळ पुरं केलं होतं. कुंड्यांतले निकाल सुरेख होते. शेवटच्या आठवड्यात त्यांना कळलं की सुट्टीच्या दिवशी शिपायाने काही कुंड्यांना पाणीच घातलं नव्हतं. कोणत्या कुंड्यांना, ते शिपायाला आठवेना. सरांनी अख्खा प्रयोग रद्द केला. गाइड म्हणाले, एवढ्या-तेवढ्याकडे कोण बघतं? सर म्हणाले, मी बघतो. झालं, बढती गेली, सड्यावर पेरून बघायला मिळणारे पैसे गेले, कॉलेजच्या खोली नंबर बावीसमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणून आलेले सर तिथूनच निवृत्त झाले. मूर्खपणाच तो. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलंही होतं. ते म्हणाले, ‘निकाल उलटा आला की आधी आपला हात तपासायचा, मग जंतूला शिव्या द्यायच्या. सरळ आला तरी तेच.’

दुसऱ्या वर्षाच्या एका प्रॅक्टिकलला आमच्या सगळ्या वर्गाचे आकडे पुस्तकातल्यासारखे आले होते. माझ्या वहीत मी लिहिलं होतं, ‘मी प्लेट उघडी असताना शिंकले. मोजणी करता आली नाही.’ सरांनी ती वही वर धरली आणि म्हणाले, ‘या वर्गात आज एकच वही खरी आहे.’ त्यानंतर त्यांनी माझी वही कधीच तपासली नाही, नुसती सही करायचे. मी तेव्हा केवढी फुशारले होते.

निवृत्तीनंतर पाचेक वर्षांनी गावाहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. सड्यावर चिरेखाण काढायचं गावात घाटत होतं. यंत्राने जांभा दगड कापायचा आणि चिरे विकायचे. गुरं कमी झाली, सडा पडीकच आहे, असं लोकांचं म्हणणं. पुतण्याची मात्र गाई-म्हशींवर गुजराण होती. सर गावी गेले आणि ग्रामसभेत उभं राहून तासभर नत्रावर बोलले. लोक कंटाळले, पण म्हातारा माणूस, गावचा शिकलेला, म्हणून म्हणाले, ठीक आहे, एक पावसाळा देतो. सड्यावर तुम्ही हिरवा चारा उभा करून दाखवा, खाणीचं आम्ही सोडून देऊ. नाही झालं, तर तुमच्या घरानेही सही करायची. सर परत आले ते पंचविशीतल्या माणसासारखे. रोज सकाळी माझ्या दारावर टकटक करून विचारायचे, ‘बाई, मृगाला किती दिवस राहिले?’

स्टायलो नावाच्या चाऱ्याचं बी त्यांनी आणलं. दोन पट्टे पेरायचे ठरलं, एक जंतू लावलेल्या बियाचा, एक बिनजंतूचा. जंतू लावलेलं बी चोवीस तासांत जमिनीत जायला हवं, म्हणून बी लावायला ते स्वतः गावी जाणार होते. जायच्या चार दिवस आधी चाळीच्या ओल्या जिन्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं.

हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी मला सगळं लिहून घ्यायला लावलं. गुळाचं पाणी उकळून थंड करायचं. त्यात वाढवलेले जंतू मिसळायचे. बियांना हलक्या हाताने चोळायचं, साल दुखता कामा नये. वर्तमानपत्रावर पातळ पसरून सावलीत वाळवायचं. सावलीत, हे त्यांनी तीनदा सांगितलं. ऊन लागलं की जंतू मरतात. पुतण्या मुंबईला आला होता, तो संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने बी घेऊन जाणार आणि सकाळी पेरणार.

मी सकाळी सरांच्या खोलीत सगळं नीट केलं. बी पसरलं. दुपारी मला लॅबला जायचंच होतं, रजा मिळेना. किल्ली आईकडे दिली आणि म्हटलं, ‘गूळ आहे, मुंग्या येतील. मधून मधून बघ.’ उन्हाचं मी बोलले नाही. खोलीतच तर होतं सगळं. खोलीत ऊन कुठून येणार, असा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही.

मुंग्या आल्या. आईने बघितलं, बी ओलं, चिकट, वर मुंग्यांची रांग. तिचं सगळं बालपण वाल, कुळीथ, कोकमं वाळवण्यात गेलेलं. ओलं बी घरात ठेवलं की कुजतं हे तिला माझ्या पुस्तकांच्या आधीपासून ठाऊक. चार दिवस आभाळ होतं आणि नेमकं त्या दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. आईचे गुडघे गेलेले, तरी ती ते सगळं बी दोन खेपांत गच्चीवर घेऊन गेली, स्वतःच्या धुतलेल्या पातळावर पसरलं आणि हातात काठी घेऊन तीन तास राखण करत बसली. मग खाली आणून पुन्हा जसंच्या तसं त्याच वर्तमानपत्रावर पसरलं.

मी पाच वाजता आले तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. ‘कडकडीत वाळवलंय गो,’ ती म्हणाली. ‘आता मुंगी नाय, ओल नाय. कावळ्यांका एक दाणो खाऊक दिलंय नाय. मास्तर खूश होतले.’

दारात पुतण्या पिशवी घेऊन उभा होता. फोनवर सर होते, दुपारपासून तिसऱ्यांदा. ‘झालं ना, बाई?’

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते कुणालाही कळेल. जंतू पुन्हा वाढवायला आठ-दहा दिवस लागले असते. त्याच बियाला पुन्हा लावता आलं असतं. पेरणी थोडी लांबली असती, एवढंच. पण आई घाम पुसत माझ्याकडे कौतुकाच्या आशेने बघत होती. आणि सरांना काय सांगायचं? की तुमच्या एकमेव खऱ्या वहीवालीने एवढी साधी गोष्ट आईला सांगितली नाही? मी मनाची समजूत घातली की काही जंतू जगले असतील. गुळाच्या थराखाली, बियाच्या खाचेत. ‘झालं, सर,’ मी म्हटलं आणि पिशवी पुतण्याच्या हातात दिली.

श्रावण संपता संपता सर वॉकरवर घरी आले. पुतण्याने फोनवर व्हिडिओ पाठवला. ‘काका, दोनय पट्टे सारखेच दिसतत. पिवळे.’ सरांनी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की मला त्यातला वाऱ्याचा आवाज पाठ झाला. मग त्यांनी दोन्ही पट्ट्यांतली रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून मागवली. मुळं धुतली, भिंगाखाली धरली. एका पट्ट्याच्या मुळांना काही नाही. दुसऱ्याच्याही मुळांना काही नाही.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग वॉकरला धरून माझ्याकडे वळले आणि अगदी साधेपणाने विचारलं, ‘सावलीतच वाळवलं होतंस ना?’

‘हो, सर.’

‘मग हात साफ आहे,’ ते म्हणाले. ‘जंतूच कुचकामी. कुंडीत गुणी, सड्यावर नाही. असं होतं.’ त्यांनी माझी समजूत घालावी तसं माझ्या खांद्यावर थोपटलं. मला त्या क्षणाची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

सर त्यानंतर आठ महिने जगले. आठ महिन्यांत मी रोज त्यांच्याकडे जात होते, आणि रोज सांगायचं ठरवून जात होते. गेल्या वर्षी त्यांच्या गावी जाऊन आले. सड्यावर यंत्रांची करवत चालते, लाल धूळ अर्ध्या कोसावरून दिसते. पुतण्याने गुरं विकली, तो खाणीवर चिरे मोजायला बसतो. मला त्याने चहा पाजला आणि काकांची आठवण काढून रडला. त्यालाही मी काही बोलले नाही. आईला तर अजूनही वाटतं की तिने त्या दिवशी मास्तरांचं बी वाचवलं.

ज्या दिवशी मुळं तपासली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पुतण्याला फोन लावला. मी तिथेच होते. ‘माझी वाट बघू नको रे,’ ते म्हणाले. ‘सही कर आणि मोकळो हो. माझा चुकला.’ फोन ठेवला. मग मला म्हणाले, ‘फ्रीजमधल्या नळ्या काढ.’

मला वाटलं, बिऱ्हाड बदलायचं असेल. ते म्हणाले, ‘नाही. उगाच वीज जाळायची कशाला? पण जिवंत जंतू मोरीत ओतायचे नाहीत, हे तुला शिकवलंय.’ जंतू मारायचे तर वाफेच्या दाबाखाली, वीस मिनिटं. कॉलेजात त्याला मोठं यंत्र असतं. सरांनी आपला भाताचा कुकर घेतला, तळाला पाणी घातलं आणि माझ्या हातून एकेक नळी घेऊन आत उभी केली. सगळ्या मावल्या नाहीत, तेव्हा काही आडव्या ठेवल्या. झाकण लावलं. गॅस पेटवायला मी काडी ओढून दिली.

‘शिट्टी झाली की आच बारीक करतो. तिथून वीस मिनिटं,’ ते म्हणाले. ‘घड्याळ तू बघ.’

अजून शिट्टी व्हायची होती. अजूनही मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. शिट्टी झाली. फळ्यांच्या भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, ‘मास्तरांनू, आज बेगीन कुकर लागलो? काय शिजता?’

‘डाळ लावलीय, वहिनी,’ सर म्हणाले.

‘मगे भात मी धाडतंय. वायच थांबा.’

‘थांबतो,’ सर म्हणाले आणि कुकरकडे बघत खुर्चीत बसून राहिले. मी घड्याळ बघत उभी होते. वीस मिनिटं पुरी झाल्यावर मी तसं सांगितलं, आणि सरांनी हात लांब करून गॅस बंद केला.